वाचकांचे प्रश्न : ट्रेन-बसने दक्षिण स्पेन, आपलं आपण

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड, मी ६१ आणि हे ६५. सेविया, कोर्दोबा, ग्रनादा बघायची खूप इच्छा आहे. टूरवाले ७ दिवसात सगळा स्पेन दाखवतो म्हणतात, पण रोज पहाटे उठून बॅगा भरायच्या हे आता झेपत नाही. ट्रेनने, बसने आपलं आपण फिरता येईल का? इंग्रजी बेताचं, स्पॅनिश शून्य, माझे गुडघे दुखतात, आणि आम्ही अंडंसुद्धा खात नाही. जुलैत मुलाला सुट्टी आहे, तो येईल सोबत. — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, नक्की जा आणि आपलं आपणच जा. हा भाग ट्रेन-बसने फिरायला इतका सोयीचा आहे की तिथे टूरच्या बसमध्ये कोंडून घेण्यात काही अर्थ नाही. फक्त जुलै नको. ऊन आपल्याला नवीन नाही हे खरं, पण सेविया आणि कोर्दोबात जुलै-ऑगस्टला पारा सहज ४० च्या वर जातो आणि तिथे तुम्ही घरात पंख्याखाली नसणार, दगडी गल्ल्यांतून चालत असणार. मुलाला ऑक्टोबरमध्ये रजा मिळते का बघा. मे महिन्याचा पहिला पंधरवडाही छान, कोर्दोबात घरांच्या अंगणांचा उत्सव असतो, कुंड्यांनी भिंती भरून जातात, पण गर्दी आणि हॉटेलचे भाव दोन्ही चढलेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक आधी विमान, मग हॉटेल, मग ट्रेन असं बुक करतात आणि शेवटी अल्हाम्ब्राकडे वळतात तेव्हा तिकिटं संपलेली असतात. ग्रनादाचा हा राजवाडा बघायचा नसेल तर एवढ्या लांब जाऊन काय करायचं सांगा! म्हणून व्हिसा हातात आला की पहिलं काम अल्हाम्ब्राच्या अधिकृत साइटवर तारीख बघायची, ती पक्की करायची, आणि मग तिच्या मागे-पुढे बाकीची गावं बसवायची. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट मूळच न्यायचा, झेरॉक्स नको. आतल्या नासरी राजवाड्यांना (म्हणजे तिथल्या जुन्या सुलतानांच्या महालांना) तिकिटावर वेळ छापलेली असते, त्या अर्ध्या तासात आत शिरायचं, चुकली तर गेली, मात्र एकदा आत गेलात की कुणी हाकलत नाही, निवांत बघा. मुख्य गेटपासून ते राजवाडे बरेच आत आहेत, तुमच्या चालीने अर्धा तास धरून चला. डोंगर चढायचा नाही, गावातून छोट्या लाल बस थेट वरपर्यंत जातात.

रस्ता असा धरा : माद्रिदला उतरून एक रात्र, मग कोर्दोबा १, सेविया ३, ग्रनादा ३, मालागा १, आणि परतीचं विमान मालागाहून, म्हणजे माद्रिदला परत जायचा फेरा वाचतो. ९ रात्रीत एवढंच, आणखी गावं घालू नका. माद्रिद ते सेविया ही फास्ट लाइन १९९२ ला सुरू झाली, साधारण सोलापूर-मुंबईएवढं अंतर आणि अडीच तासात पोचवते. तुम्ही मध्ये पावणेदोन तासांवर कोर्दोबाला उतरा, दुसऱ्या दिवशी पुढे पाऊण तासात सेविया. वेटिंग, आरएसी हा प्रकारच नाही, तिकीट म्हणजे सीट. पण माद्रिदच्या अतोचा स्टेशनवर बॅगा स्कॅन होतात आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं, धावत येऊन चढायची सवय इथेच सोडून जा, अर्धा-पाऊण तास आधी पोचा. रेन्फे ही सरकारी कंपनी, शिवाय ऊईगो आणि इर्यो या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्याही याच लाइनवर धावतात, तिन्हीचे रेट बघूनच घ्या कारण तिकीट जितकं उशिरा तितकं महाग. रेन्फेचं ६० वर्षांवरच्यांसाठी तार्खेता दोरादा नावाचं सवलतीचं कार्ड असतं, तुम्ही दोघंही त्यात बसता.

सेविया ते ग्रनादा मात्र मी बसच सांगेन. ट्रेन आहेत पण मोजक्या, बस दिवसभर असतात आणि तीन तासात नेतात. आल्सा नावाच्या कंपनीच्या बस, सीट नंबर असतो, मोठी बॅग खाली डिकीत. ग्रनादाचा बस स्टँड गावाबाहेर आहे, तिथून ३३ नंबरची सिटी बस गावात येते. ग्रनादा ते मालागा पण बसच, साधारण पावणेदोन तास, आणि मालागाला बस स्टँड आणि रेल्वे स्टेशन शेजारी-शेजारी असल्यामुळे तिथूनच लोकल पकडून एअरपोर्टला जाता येतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर सेवियाच्या हिराल्दा मनोऱ्याला घाबरू नका. हा मूळचा मशिदीचा मनोरा, वर जायला पायऱ्या नाहीत, उतरंड आहे, ३५ वळणांची, शेवटीच थोड्या पायऱ्या येतात. दमानं चढा. कोर्दोबाची मेस्कीता तर सगळी सपाटच, ८०० च्या वर खांब आणि त्यावर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. आठव्या शतकात बांधायला घेतलेली मशीद, १२३६ मध्ये चर्च झाली आणि पुढे तिच्या पोटातच कॅथेड्रल उठवलं, ते दोन्ही एका छताखाली बघताना खूप काही मनात येतं. रविवार सोडून सकाळी ८.३० ते ९.३० फुकट सोडतात, आणि त्या वेळी ग्रुपवाले नसतात, म्हणून तर कोर्दोबाला रात्र काढायची.

प्रश्न : जेवणाचं काय? — त्याच वाचक

उत्तर : हो, यावर थोडं लक्ष लागतं. तिथे भाजीच्या पदार्थावरही डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरतात, सालमोरेखो या टोमॅटोच्या गार सूपवर हॅम आणि उकडलेलं अंडं दोन्ही येतं, साध्या सॅलडमध्ये ट्यूना मासा निघतो, आणि तोर्तिया म्हणजे अंडंच. चिठ्ठीवर लिहूनच ठेवा : सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन वेवो, म्हणजे मांस, हॅम, मासे, अंडं काही नको. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे नाश्त्याला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव, गार गास्पाचो, सेवियाची पालक-छोले भाजी, कोर्दोबाची तळलेली वांगी वर उसाची काकवी घातलेली, ही तर तुम्हाला आवडणारच. मात्र रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळणं अवघड, म्हणून शेंगा चटणी आणि कडक भाकरी बॅगेत हवीच. खवा, पेढे, तूप नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

प्रश्न : सेवियाहून एक दिवस रोंदा करू की कादिस? — एक वाचक, होटगी रोड

उत्तर : रोंदाचा पूल १७९३ ला पुरा झालेला, खाली जवळपास १०० मीटर खोल दरी, बघण्यासारखाच आहे, पण बस घाटातून जाते आणि परतीच्या बस थोड्या, त्या आधी बघून ठेवा. पोरं-बाळं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर कादिस. सेवियाहून थेट ट्रेन, पावणेदोन तासाच्या आसपास, स्टेशन जुन्या गावाला लागूनच, तिन्ही बाजूंना समुद्र, चढ-उतार जवळजवळ नाहीच. सकाळची गाडी घ्या आणि परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा, रविवारी संध्याकाळी गाड्या भरून येतात.