बाकडं एक, राज्यं दोन : नवापूरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता नवापूरचा उल्लेख केला, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळचं सगळं सदर नवापूरलाच देऊन टाकतोय. माझा जन्म तिथला, वडील तिथल्याच एका डाळ मिलमध्ये मुकादम होते, नोकरीमुळे मी धुळ्याला आलो आणि इथलाच झालो, पण कोणी नवापूर म्हटलं की अजूनही मान वळते.

काका, नवापूर स्टेशनवरचं ते बाकडं खरंच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे का? की फोटोसाठी केलेला प्रकार? आणि मग तिकीट कुठल्या राज्यात काढायचं? – एक वाचक, पुणे

खरंच आहे. नुसतं बाकडं नाही, अख्खं स्टेशनच दोन राज्यांत आहे. प्लॅटफॉर्म साधारण ८०० मीटर लांब, त्यातला ३०० मीटर आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात आणि ५०० मीटर तिकडे तापी जिल्ह्यातल्या उच्छल तालुक्यात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस आणि वेटिंग रूम गुजरातमध्ये, म्हणजे तिकीट काढून तुम्ही जरा पाय मोकळे करायला गेलात की राज्य बदललं. तिकिटाची काळजी करू नका, रेल्वे केंद्राची आहे, तिला हद्द लागत नाही. अनाउन्समेंट मात्र चार भाषांत होते, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे बॅगेत बाटली असेल तर प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला जे चालतं ते दुसऱ्या टोकाला गुन्हा होतो.

हे असं का झालं तर सुरतेहून अमळनेरपर्यंतची ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमाराला झाली, तेव्हा महाराष्ट्र नव्हता आणि गुजरातही नव्हता, स्टेशन गावाच्या सोयीनं बांधलं गेलं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा ते कित्येक वर्षं उभंच होतं, ते काही कोणी उचलून सरकवणार नव्हतं. माझ्या लहानपणी हे रंगवलेलं बाकडं वगैरे काही नव्हतं. आई मला घेऊन मामाकडे अमळनेरला जायची, भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत आम्ही पाण्याच्या नळाजवळ ट्रंकेवर बसायचो, आणि आई म्हणायची लांब जाऊ नको रे, पण तिच्या डोळ्यासमोर लांब म्हणजे रूळ होते, गुजरात नव्हतं. आता लोक गाडी थांबली की उतरून धावत फोटो काढतात. काढा, छानच आहे. पण गाडी फार वेळ थांबत नाही, एवढं बघा.

नवापूरचे लोक नक्की मराठी की गुजराती? माझे साडू तिथले आहेत, त्यांच्याकडे लग्नाला गेलो तर एका मांडवात चार भाषा ऐकल्या. – एक वाचक, शहादा

भाऊ, तुम्ही चार ऐकल्या म्हणजे कमीच ऐकल्या. मावची, कोकणी, गुजराती, अहिराणी, हिंदी, मराठी, एवढं एका बाजारात चालतं. कोकणी म्हणजे रत्नागिरीची नाही बरं का, इथल्या कोकणी आदिवासी समाजाची बोली. दुकानात गिऱ्हाईक मावचीत भाव विचारतं, दुकानदार गुजरातीत सांगतो आणि पैसे मराठीत मोजले जातात, यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. तालुका आदिवासीबहुल आहे, मावची-गावित, कोकणी, भिल्ल हे तिथले मूळचे लोक, व्यापारी मंडळी बरीचशी गुजरातीभाषक आणि नोकरीला आलेले आम्ही अहिराणी-मराठीवाले. हे आधी मांडतोय कारण ‘मराठी की गुजराती’ असं विचारलं की जे तिथे सगळ्यात आधीपासून आहेत त्यांचं नावच राहून जातं, आणि हे मला मनापासून खटकतं.

आता हद्दीचं. १९०६ ला खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नवापूर पश्चिम खानदेशात, जिल्ह्याचं ठिकाण धुळे. १९६० ला राज्यं वेगळी होताना पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या चार तालुक्यांतली मिळून १५६ गावं गुजरातला, सुरत जिल्ह्यात गेली. पुढे १ जुलै १९९८ ला धुळे जिल्हा मोडून नंदुरबार जिल्हा झाला, तिकडे २००७ ला सुरत मोडून तापी जिल्हा झाला. म्हणजे निझर-उच्छलकडचा एखादा म्हातारा घरातून हललाही नसेल तरी त्याचा पत्ता पश्चिम खानदेश, मग सुरत, मग तापी असा दोनदा बदलला. आणि या सगळ्याच्या मध्ये उकाई धरण, १९७२ ला पूर्ण झालं, तापीचं पाणी मागे मागे चढत आलं, त्यात दोन्ही राज्यांतली गावं बुडाली. पाणी आलं तेव्हा हद्द कोणाची ते बघून नाही आलं. धरणात घर गेलेल्या एका आजींना मी विचारलं होतं की तुमचं गाव कुठलं, तर त्यांनी गावाचं नाव नाही सांगितलं, नुसता हात केला पाण्याकडे.

नातीगोती म्हणाल तर इकडची मुलगी उच्छल, सोनगडला दिलेली आणि तिकडची इकडे आणलेली, हे पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. महाशिवरात्रीला देवमोगरा मातेची यात्रा भरते, ठिकाण गुजरातमध्ये सागबारा तालुक्यात, पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून माणसं टोपल्यात नवं धान्य घेऊन, नवस फेडायला जातात, याहा मोगी म्हणजे हीच देवमोगरा माता, त्या सगळ्यांची कुलदेवता. तिला कुठलं राज्य लावणार? तुमच्या साडूंना एकदा विचारा, ते जास्त सांगतील.

नवापूरची तूरडाळ एवढी नावाजलेली का? जळगावात तर काही दुकानदार कुठलीही डाळ नवापूरची म्हणून खपवतात. – एक गृहिणी, जळगाव

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण स्टेशनबद्दल सगळे विचारतात, डाळीबद्दल कोणी विचारत नाही आणि गाव तर डाळीवर उभं राहिलंय. नवापूर तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जीआय टॅग म्हणतात तो. या भागातली तूर देशी, दाणा लहान, डोंगराळ आणि पावसाच्या जमिनीत वाढलेली, आणि शिजताना जो वास सुटतो तो मोठ्या दाण्याच्या तुरीला येत नाही.

पण अर्धं श्रेय मिलचं. वडिलांच्या मागे लागून मी सुट्टीत जायचो म्हणून सांगतो. तूर आधी चाळण्यांवरून जाते, खडा-माती निघते. मग रोलरमधून काढतात, तो खरबरीत असतो, त्याने साल नुसतं खरवडलं जातं, डाळ फुटत नाही. मग तेलाचा हात लावतात आणि ढीग करून ठेवतात म्हणजे तेल सालाच्या आत मुरतं. मग सगळं अंगणात उन्हात. आमच्या मिलचं सिमेंटचं खळं फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण लाल-तपकिरी दिसायचं, बायका ओळीनं उभ्या राहून पायानं तूर परतायच्या, सरळ रेघा ओढत जायच्या पावलांनी, आणि संध्याकाळी सगळी गोळा करून ताडपत्रीखाली. दोन-चार दिवस असं. ढग आले की वडील जेवणावरून उठायचे. उन्हात किती ठेवायची हे ते दाणा दाताखाली धरून ठरवायचे, कटकन तुटला तर झाली, चिवट लागला तर अजून एक ऊन. त्यानंतर पाण्याचा हात, पुन्हा वाळवण, आणि मग भरडणं. साल निघतं, त्याची चुनी-भुसा गुरांना जातो, काही वाया जात नाही. आता बऱ्याच ठिकाणी ड्रायर आलेत, ऊन लागत नाही, काम पटकन होतं, पण त्या परतणाऱ्या बायकांची मजुरी गेली हेही खरं.

ओळखायची कशी, तर फार चकचकीत डाळ घेऊ नका. पॉलिश केलेली डाळ डोळ्याला छान दिसते, पण चांगली डाळ जरा मंद, एकसारख्या पिवळ्या रंगाची असते, दाणा बारीक असतो, कडा गोलसर असतात. मूठभर घरी शिजवून बघा, पटकन गळली आणि वास घरभर गेला तर दुकानदार खरं बोलतोय.

मी मूळचा नवापूरचा, आता सुरतला. इतकी वर्षं झाली तरी लोक गावाचं नाव ऐकलं की ‘बर्ड फ्लूवालं ना?’ म्हणतात. त्यांना काय सांगू? – एक वाचक, सुरत

भावा, मलाही विचारतात. आधी काय झालं ते नीट सांगतो म्हणजे तुला सांगता येईल. २००६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत फार्मवर कोंबड्या मरायला लागल्या, सुरुवातीला सगळ्यांना ती मानमोडी म्हणजे राणीखेत वाटली, कारण मरतूक पोल्ट्रीवाल्याला नवी नसते. भोपाळच्या लॅबमध्ये नमुने गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की एच५एन१ आहे, भारतात पहिल्यांदा. मग पांढऱ्या कपड्यातली पथकं, जेसीबीनं खड्डे, चुना, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. काही दिवसांत शेजारी उच्छललाही तोच आजार निघाला, पुढे मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही. माणसांचे नमुने तपासले, एकालाही लागण निघाली नाही, हे मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही, ते तू आधी सांग.

मी त्या आठवड्यात गावी होतो. माझ्या वर्गमित्राचा छोटा फार्म होता. त्यानं शेड धुऊन काढली होती, ट्यूबलाइट चालू होत्या, पाण्याच्या लाल निपल ओळीनं लोंबत होत्या आणि आवाज अजिबात नव्हता. पोल्ट्रीत शिरलं की जो गलका असतो ना, तो नसणं मी पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, कर्ज तर आहेच रे, पण सकाळी चारला जाग येते त्याचं काय करू. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच झालं, पुन्हा लाखांत पक्षी मारावे लागले, आणि दोन्ही वेळा लोकांनी पुन्हा शेड भरल्या. का, तर सुरतेचं मार्केट शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, हायवे दारात आहे आणि हा धंदा त्यांना येतो. सुरतेत तू जे अंडं खातोस ते नवापूरचं असण्याची शक्यता बरीच आहे, हे तिथल्या मित्रांना सांग.

नवापूर एमआयडीसीत नोकरी लागलीय, राहायला कसं आहे? – एक तरुण वाचक, धुळे

चांगलं आहे. एमआयडीसीत सुरतेच्या कापड धंद्यातले बरेच लोक युनिट टाकून आहेत, त्यामुळे कामावर गुजराती कानावर पडेल, महिन्यात समजायला लागेल. पावसाळ्यात रंगावलीच्या काठची खोली घेऊ नको, ऑगस्ट २०१८ ला या नदीला जो पूर आला त्यात माणसं गेली. कोंडाईबारीचा घाट रात्री बाइकवर चढू नको. बाकी जेवण स्वस्त आणि माणसं मदतीची.

आमच्या आजोबांचं गाव १९६० आधी नवापूर तालुक्यात होतं, आता गुजरातमध्ये आहे. वडील लहानपणीच इकडे आले. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा मागतात, शोधू कुठे? – एक वाचक, नंदुरबार

हे दुखणं एकट्या तुमचं नाही, हद्दीवरच्या शेकडो घरांचं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नांत हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख बघितली जाते, त्याच्या आधी कुटुंब कुठे राहत होतं ते. तेव्हा तुमचं गाव मुंबई राज्यात, पश्चिम खानदेशात होतं, हे अर्जात स्पष्ट लिहा, टेबलावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं समजू नका.

कागद म्हणाल तर आधी शाळा. आजोबा किंवा त्यांचे भाऊ शाळेत गेले असतील तर जनरल रजिस्टरचा उतारा मागा, जुन्या रजिस्टरात जात लिहिलेली असते. शाळाच नसेल बघितली तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाकडची जन्म-मृत्यूची नोंद, त्यात आजोबांच्या पोरांचा जन्म सापडू शकतो. चौकशी दोन्हीकडे करा, इकडे तहसीलदार कचेरी आणि धुळ्याचा जुना अभिलेख कक्ष, तिकडे तहसीलदाराला मामलतदार म्हणतात, तर उच्छल किंवा निझरच्या मामलतदार कचेरीत. नाव विचारताना गावाच्या नावाचं गुजराती रूपही लिहून न्या. फार जुनी नोंद मोडीत निघाली तर घाबरू नका, मोडी वाचणारे धुळ्यात मिळतात, लिप्यंतर करून सहीशिक्क्यासकट घ्या. आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा. कोतवालाचं नाव त्यालाच आठवेल.