फ्लॅटवर आणलेलं डुकराचं पिल्लू

ताई, तुम्ही लिहिलंय की गावी डुकरीण मेली, तिचं दहा-बारा दिवसांचं पिल्लू मुलीने म्हापशाच्या फ्लॅटवर आणलं, बाटलीने दूध पाजताय पण ते थरथरतंय. आणि शेजारी म्हणतात, हे ‘टीकप’ जातीचं, मोठं होत नाही. जातीचं पुढे बोलू. आज रात्री त्याला ऊब हवी.

डुकराच्या पिल्लाच्या अंगावर जन्मतः चरबी जवळजवळ नसते. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या गराड्यात ते गरम राहतं. पावसाळ्यातही आपल्याला पंखा लागतो, पण या वयाच्या पिल्लाला 28 ते 30 अंश लागतात. मोठं खोकं घ्या, तळाला गोणपाट आणि जुनी चादर घाला, आणि एकाच कोपऱ्यावर 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब टांगा, कापडाला वा पुठ्ठ्याला न टेकेल असा. दुसरा कोपरा गार राहू दे. बल्बखाली मुटकुळं करून, केस उभे करून थरथरत असेल तर ऊब कमी पडतेय. लांब जाऊन धापा टाकत असेल तर बल्ब वर घ्या.

बाटली बंद करा. घाईने ओढताना दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. उथळ ताटलीत कोमट दूध घ्या, बोटाला लावून चाटवा आणि बोट हळूहळू ताटलीत न्या. बहुतेक पिल्लं एक-दोन दिवसांत शिकतात. शेळीचं दूध उत्तम, नाहीतर साय न काढलेलं गाईचं. साखर, गूळ अजिबात नको, इतक्या लहान वयात ती पचत नाही आणि ढाळ लागते. दोनेक किलोच्या पिल्लाला सुरुवातीला दिवसाकाठी 400 ते 500 मिली, तीन-चार तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. हगवण लागली तर सकाळची वाट बघू नका, एवढासा जीव काही तासांत सुकतो.

गुरांच्या डॉक्टरकडे लोहाच्या इंजेक्शनचं नक्की विचारा. डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी असतं. मोकळी पिल्लं माती उकरून थोडंफार भागवतात, तुमच्या फरशीवर तेही नाही. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर उशीरच झालाय.

डुकरीण कशाने मेली, ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ताप येऊन, कान-पोट लाल-जांभळं पडून मेली असेल, किंवा आसपासची डुकरंही मरत असतील, तर पशुसंवर्धन खात्याला आजच कळवा. ही लक्षणं आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथीची असू शकतात. भारतात तो 2020 साली आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांसाठी त्यावर औषध नाही. तोवर पिल्लू दुसऱ्या डुकरांजवळ नेऊ नका आणि त्याच चपला घालून कुणाच्या डुकरखान्यात जाऊ नका. पुढेही चोरीस (आपलं गोव्याचं पोर्क सॉसेज) किंवा पोर्कचं उरलंसुरलं त्याला कधी घालायचं नाही, खारवलेल्या-वाळवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन् महिने टिकतो.

आता टीकप. अशी जातच नाही. डुकरीण पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, पण तिची वाढ तीन-चार वर्षं चालू असते. विकणारा अशीच अर्धवट वाढलेली आई दाखवतो आणि लोक फसतात. अमेरिकेत 1980च्या दशकात व्हिएतनामी पॉटबेली या बुटक्या डुकरांचं वेड आलं, तीही वाढून 50-60 किलोंच्या पुढे गेली आणि कित्येक लोकांनी ती सोडून दिली. तुमचं तर गावठी पिल्लू आहे. ते मोठं होणार, आणि नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं जगू शकतं.

आमच्याकडची मादी नाकाडाने खालच्या कपाटाचं दार उघडते, आतला डबा बाहेर ओढते आणि झाकण पायाखाली दाबून ठेवते. इतक्या हुशार जनावराला उकरायला माती आणि सोबतीला दुसरं डुक्कर मिळालं नाही तर ते फरशी उकरतं, माणसांवर डोकं आपटतं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात चिखल, सावली आणि सतत भरलेलं पाणी हवंच. खारट खाणं आणि पाण्याचा तुटवडा एकत्र आले तर मेंदूला सूज येऊन मरतं. नर असेल तर खच्ची लवकर करून घ्या. पावसात मच्छरदाणी लावा, कारण जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासांमार्फत माणसांपर्यंत पोचतो.

फ्लॅटमध्ये हे होणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फार तर दूध सुटेपर्यंत, म्हणजे सहा-आठ आठवडे. तोवर गावी कुंपण, छप्पर आणि जोडीला आणखी एक पिल्लू यांची सोय बघा, पंचायतीला लेखी विचारा आणि ते कापायला दिलं जाणार नाही हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या. मुलीलाही या बोलण्यात बसवा. पिल्लाचं आजचं वजन आणि डुकरिणीची लक्षणं इथे लिहा, मी रात्री बघतो.