बॅफल काढला की गाडी खरंच पळते?

प्रश्न : कार्बोरेटरवाल्या ३५० सीसी बुलेटला बाहेरचा (कंपनीचा नसलेला) सायलेन्सर बसवलाय. बॅफल (सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी) काढल्यापासून तवंदी घाटात ओढ कमी वाटते. उतरणीला थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. कोणता बॅफल घालू? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही. पाइप मोकळा झाला, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) मात्र जुनाच. त्यामुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. प्लग काढून बघा. टोक पांढरंफटक असेल तर हेच कारण. फिकट विटकरी हवं.

आधी हेडरचा (इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या पाइपाचा) इंजिनाशी असलेला जोड तपासा. थंड इंजिन सुरू करून लगेच तिथं साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर गॅस्केट (जोडातली सील करणारी चकती) बदला. थ्रॉटल सोडल्यावर तिथूनच हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. तरीही फुटत असेल तर पायलट जेट (थ्रॉटल जवळपास बंद असताना पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा घाला.

बॅफल लांब, जाळीदार नळीचा घ्या. त्यावर ग्लासवूल (काचेच्या धाग्यांचा कापूस) घट्ट गुंडाळून स्टीलच्या तारेनं बांधा. सैल राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं. सायलेन्सरचा आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मोजूनच बॅफल खरेदी करा, नाहीतर तो खडखडतो. बॅफलच्या बोल्टला स्प्रिंग वॉशर हवाच.

१७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची आहे. खरं तर कंपनीचा सायलेन्सरच परत चढवलात तर जेटची भानगडच उरत नाही.