उत्प्रेरकाला ‘विरजण’ म्हणावं का?

प्रश्न असा: डिस्टिलरीतला कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल यांपासून उपयोगी रसायनं कशी करतात, यावर सांगलीत शेतकऱ्यांपुढे बोलायचं आहे. ‘उत्प्रेरक’ जड वाटतो, तर ‘विरजण’ चालेल का?

फर्मेंटरपुरतं, म्हणजे मळी आंबवण्याच्या टाकीपुरतं चालेल, पुढे नाही. पातळ केलेल्या मळीत यीस्ट सोडलं की ते साखर खातं, वाढतं, त्यातलं थोडं पुढच्या बॅचला लावता येतं. हे सरळसरळ विरजण. (वाळव्याकडे ‘मळी’ म्हटल्यावर कृष्णाकाठची जमीनही आठवते, तेव्हा एकदा ‘कारखान्याची मळी’ म्हणून घ्या.) १८० किलो ग्लुकोजमागे हिशेबाने ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो वायू निघतो.

या अल्कोहोल आणि वायूचं डायएथिल कार्बोनेट (हेच ते उपयोगी रसायन) करताना मात्र भांड्यात सिरियम ऑक्साइडची पूड असते. ती वाढत नाही, मालात उतरत नाही, गाळून परत मिळते. तिला उत्प्रेरकच म्हणा. शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे, पोरांनाही कळतो.

शब्दापेक्षा वाक्य जास्त चुकतं. ‘उत्प्रेरकाने माल जास्त निघतो’ असं सर्रास लिहितात. उत्प्रेरक फक्त समतोल, म्हणजे सुलटी आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते ती स्थिती, लवकर गाठून देतो, समतोल हलवत नाही. इथे ९२ किलो अल्कोहोल आणि ४४ किलो वायूपासून ११८ किलो कार्बोनेट होतं, पण सोबत १८ किलो पाणीही. ते पाणी भांड्यात राहिलं की अभिक्रिया उलटी फिरू लागते आणि गाडी जेमतेम एखाद-दोन टक्क्यांवर अडते. पूड दुप्पट टाकली तरी आकडा तोच.

म्हणून पाणी काढून घ्यायला २-सायनोपिरिडीन घालतात. आपल्या अल्कोहोलऐवजी त्याचं भावंड मिथेनॉल वापरून १२० अंश सेल्सिअस आणि ५० बार दाबाला केलेल्या प्रयोगांत याच युक्तीने डायमिथाइल कार्बोनेटचा उतारा ९० टक्क्यांच्या वर गेला. याला ‘सहउत्प्रेरक’ म्हणणं चूक. पाण्याच्या रेणूमागे त्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि त्याचं पिकोलिनामाइड होतं. ‘जलशोषक’ही नको, तो सिलिका जेलसारख्याला शोभतो. ‘पाणी काढून घेणारं द्रव्य’ लांबलचक आहे, पण खरं आहे.

आणखी एक, ‘उत्प्रेरक निकामी झाला’. हेच पिकोलिनामाइड पुडीच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि वेग पडतो. हवेत तापवून ते जाळून काढलं की पूड पुन्हा कामाला लागते. तिथे ‘मंदावला’ लिहा.