पंचाची उधारी

पोरा,

तुझा मेसेज वाचला, ऑनलाइन सट्ट्यात हरलास आणि बुकीचं, सावकाराचं, पतसंस्थेचं देणं डोक्यावर आहे. रकमेचं मला तेवढं काही वाटलं नाही, रक्कम आज ना उद्या फिटते, पण शेवटी जे लिहिलंयस ना की बुकीचा माणूस म्हणाला पैशाचं सावकाश बघू, फक्त पुढच्या महिन्यात कुस्तीच्या निवड चाचणीला तू पंच असशील तेव्हा ७४ किलोत आमच्या पोराकडे जरा लक्ष असू दे, त्यावर माझा सकाळचा चहा गार झाला. तू हो म्हटलं नाहीस हे बरं केलंस. पण नाही पण म्हटलेलं नाहीस.

तुला माहितीये मी यूट्यूबवर जपानची सुमो बघत बसतो, पोरं हसतात मला. त्यातल्याच एका मल्लाचं सांगतो. ताकातोरिकी नाव. सन २००० चा मार्च, ओसाकाचं मैदान. हा तेव्हा ३२ वर्षांचा, वरच्या गटाच्या यादीत एकदम तळाला, म्हणजे अजून एक वाईट स्पर्धा गेली असती तर थेट खालच्या गटात. अशा माणसाने सलग १२ कुस्त्या मारल्या. मग मुसाशिमारू आणि अकेबोनो या दोन योकोझुनांकडून, म्हणजे त्यांच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या मल्लांकडून, लागोपाठ हरला आणि शेवटच्या दिवशी मियाबियामाला बाहेर काढून बादशहाचा कप घेतला. यादीच्या तळाच्या माणसाने स्पर्धा मारायची त्यांच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ, आणि पुन्हा तसं व्हायला २०२० उजाडलं.

आता बघ, असा माणूस सट्ट्यात हरत असेल तर थांबेल का? त्याचं अख्खं आयुष्य सांगतंय की तळातून वर येता येतं, फक्त सोडायचं नाही. आपणही तालमीत हेच शिकवतो, गुणांवर मागे असलास तरी शेवटच्या तीस सेकंदात डाव मार. मॅटवर ते खरंच आहे कारण तिथे ताकद तुझी, डाव तुझा. सट्ट्याच्या आयडीवर, म्हणजे त्या ऑनलाइन खात्यावर, भाव बुकीचा असतो रे, तुझ्या हातात काहीच नाही. म्हणून खेळाडू माणूस सट्ट्यात साध्या माणसापेक्षा जास्त खोल जातो असं माझं मत आहे, कुणी पटवून घेवो न घेवो.

तर पुढे. त्याची बायको ताइहोची मुलगी. ताइहो म्हणजे ३२ स्पर्धा जिंकलेला योकोझुना, त्याचा हा विक्रम थेट २०१५ मध्ये हाकुहो या योकोझुनाने मोडला. ताकातोरिकी २००२ ला निवृत्त झाला आणि २००३ च्या शेवटी सासऱ्याची तालीम त्याच्या हातात आली, ओताके नावाने तो वस्ताद झाला. तिकडे वस्ताद म्हणजे नुसता शिकवणारा नाही, तो संघटनेचा पदाधिकारी असतो. अशा जागा सगळ्या मिळून १०५, त्या फक्त माजी मल्लांनाच, आणि एकदा मिळाली की ६५ वयापर्यंत पगार चालू. संघटना तीच माणसं चालवतात.

आणि २०१० मध्ये बाहेर आलं की कितीतरी मल्ल आणि वस्ताद बेसबॉलवर बेकायदा सट्टा लावतायत आणि पैसा याकुझा, म्हणजे तिथल्या गुंडांच्या टोळ्यांकडे जातोय. कोतोमित्सुकी नावाचा ओझेकी, योकोझुनाच्या खालोखालचा दर्जा, त्याला तर एका माजी मल्लानेच ब्लॅकमेल करून पैसे उकळले. आपल्यातलाच माणूस हां, बाहेरचा नव्हे. ४ जुलैला संघटनेने त्याला आणि ओताके वस्तादांना काढून टाकलं. वस्ताद ४२ वर्षांचे होते, पुढची २३ वर्षं गेली. नंतर बायकोशी घटस्फोटही झाला.

त्या महिन्यातली नागोयाची स्पर्धा एनएचकेने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक टीव्हीने, लाइव्ह दाखवली नाही, १९५३ पासून असं कधी झालं नव्हतं. हाकुहो १५ च्या १५ जिंकला आणि त्याला बादशहाचा कप मिळाला नाही, कारण संघटनेनेच स्वतःला त्या लायकीचं मानलं नाही. भर मैदानात रडला गडी. त्याने तर काही केलंही नव्हतं!

पण तुझ्या कामाचं पुढेच आहे. सट्ट्याच्या तपासात पोलिसांनी मल्लांचे फोन घेतले आणि त्यात सापडले कुस्त्या विकल्याचे मेसेज, कुणी कुणाला कितीला सोडायची, पडायचं कसं, सगळं. मार्च २०११ ची स्पर्धाच रद्द करावी लागली, १९४६ नंतर पहिल्यांदा. सगळ्या सट्टेबाजांनी कुस्त्या विकल्या असं मी म्हणत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये सापडाव्यात याचं तुला नवल वाटायला नको, तुझ्या फोनमध्ये आता काय आहे ते बघ.

का होतं असं ते सांगतो. आपल्याकडे करार कायदा १८७२, कलम ३०, पैजेची बाकी कोर्टात वसूल होत नाही. म्हणजे बुकीकडे तुझ्याविरुद्ध कागद नाहीच. मग तो वसूल कसा करणार? धमकीने, नाहीतर तुझ्याकडे जे विकण्यासारखं आहे त्याने. साध्या सट्टा लावणाऱ्याकडे काय असतं, मोटारसायकल, बायकोचे दागिने. तुझ्याकडे शिट्टी आहे आणि निवड समितीची सही आहे, म्हणून तर तो इतका गोड बोलतोय.

आता काय करायचं. पहिलं, चाचणीतून बाजूला हो, आजच. कारण घरगुती अडचण लिही, चालतंय. पंच नसलास की तू त्याच्यासाठी नुसता एक बुडालेला गिऱ्हाईक. दुसरं, त्याचे मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढ, वकील मी बघतो. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशात बंदीच आहे, त्यामुळे पोलिसात जायची भीती त्यालाही आहे. तो शेकडा दहाने दिलेला सावकार विनापरवाना असेल तर सहायक निबंधकांकडे तक्रार होते, त्यासाठी २०१४ चा कायदा आहे. पतसंस्थेचं मात्र हप्त्याने फेडायचं, ते खरं कर्ज आहे. आणि तालमीतल्या पोरांकडून, त्यांच्या बापांकडून एक रुपया उसना घ्यायचा नाही, घेतला असशील तर तो सगळ्यात आधी परत.

हात शिवशिवतोच, ते मला कळतं. १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. लाज वाटत असेल तर ऐक, तो ताकातोरिकी आज यूट्यूबवर बसून आपल्या जुगाराच्या व्यसनाबद्दल उघड बोलतो. आणि त्याचा मुलगा ओहो, आजोबांच्या त्याच ओताके तालमीत तयार झालेला, जानेवारी २०२५ ला कपसाठी तिघांच्या प्लेऑफपर्यंत गेला होता, हरला पण काय लढला.

रविवारी सकाळी आठला तालमीवर ये. सगळी देणी एका कागदावर लिहून आण, कुणाचे किती, व्याज किती, आणि सूनबाईला सोबत आण, तिला माहीत नाही असं एकही देणं त्या कागदावर नको. मी आयडी आणि पासवर्ड तुझ्यासमोर बंद करणार आहे, फोन चार्ज करून ये.

तुझा,
वस्ताद