तोच मोर पुन्हा कसा काढायचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ आमचं टॉवेलच्या डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. कम्प्युटरवर स्टेबल डिफ्यूजन हे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं एआय टाकलंय, ऑटोमॅटिक११११ या प्रोग्रॅममधून चालवतो. गड्ड्याच्या यात्रेआधी मोर-कमळाची नक्षी काढली होती. एका बॅचमध्ये चार चित्रं, त्यातलं तिसरं हैदराबादच्या व्यापाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि ते पसंत पडलं. आता ते म्हणतात, जमीन (नक्षीमागचा रंग) हिरव्याऐवजी मरून करा, बाकी नक्षी हीच ठेवा. प्रॉम्प्ट, म्हणजे चित्राचं वर्णन, तोच टाकला, डायरीत लिहिलेला सीडचा (चित्राची सुरुवात ठरवणारा) आकडाही टाकला, तरी मोर दुसराच येतो. बदल एवढाच की या वेळी चित्र चौरस न घेता उभं घेतलंय. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून काही निघेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचा मोर बहुधा तुमच्याच कम्प्युटरवर आहे, तेव्हा आधी जीव भांड्यात पडू द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोचा नाद सोडा. तिथं चित्र दाबून लहान होतं आणि त्याच्या आत लिहिलेली माहिती गळून जाते. ऑटोमॅटिक११११ च्या फोल्डरमध्ये ‘आउटपुट्स’ शोधा. सेटिंग बदललेली नसेल तर तिथं प्रत्येक चित्र पीएनजी म्हणून जपलेलं असतं आणि फाइलच्या नावातच सीड असतो. ती मूळ फाइल ‘पीएनजी इन्फो’ या टॅबमध्ये ओढून टाका. प्रॉम्प्ट, सीड, सॅम्पलर (चित्र घडवायची पद्धत), स्टेप्स (टप्पे), सीएफजी (प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचा तो आकडा), आकार, मॉडेल असं सगळं समोर येईल. तिथूनच ते परत चित्र काढायच्या टॅबमध्ये पाठवायचं बटणही आहे.

आता डायरीतला आकडा का चालला नाही ते बघू. एका बॅचमध्ये चार चित्रं मागितली की हा प्रोग्रॅम पहिल्याला तुमचा सीड देतो आणि पुढच्या प्रत्येकाला एकेक वाढवत जातो. डायरीत पहिल्याचा आकडा असेल, तर तुमच्या तिसऱ्या चित्राचा सीड त्यात दोन मिळवून येतो.

तो आकडा बरोबर असता तरी उभ्या चित्रात हा मोर आला नसता. सीडमध्ये मोर नसतो. त्या आकड्यापासून कम्प्युटर ठिपक्यांचा एक गोंधळ तयार करतो आणि तो टप्प्याटप्प्यानं साफ करत मॉडेल चित्रापर्यंत पोचतं. तुमचं पहिलं चित्र ५१२ बाय ५१२ चं असेल, तर तो गोंधळ ६४ बाय ६४ च्या चार थरांचा, म्हणजे १६,३८४ आकड्यांचा असतो. उंची ७६८ केली की आकडे वाढतात, त्यांची मांडणी बदलते आणि मोराला उभं राहायची जागाच वेगळी मिळते. सॅम्पलरचंही तसंच. ‘यूलर ए’ हा सॅम्पलर प्रत्येक टप्प्याला नवा गोंधळ मिसळतो, त्यामुळे स्टेप्स वाढवल्या तरी चित्र दुसरीकडे सरकतं. मॉडेलची फाइल बदलली तर विचारायलाच नको.

मी पुठ्ठ्याच्या पंच कार्डांच्या काळापासून जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायचं, काम बघते आहे. जुनी चादर पुन्हा विणायची तर नुसता कार्डांचा संच जपून भागत नसे. फणी, सुताचा नंबर, ताण्यातले धागे, सगळं तसंच लागे. सीड हा त्यातला फक्त कार्डांचा संच समजा.

सगळं जुळवूनही बारीकसा फरक राहू शकतो. त्याच कंपनीचं दुसरं ग्राफिक कार्ड बसवलं असेल किंवा वेग वाढवणारी एखादी सोय चालू असेल, तर पिसाची एखादी रेघ इकडची तिकडे होते. नक्षी ओळखू येते, पण रेघ न् रेघ तीच येईल अशी खात्री व्यापाऱ्यांना देऊ नका.

मरून रंगाचं मात्र माझं मत ठाम आहे. त्यासाठी चित्र नव्यानं काढूच नका. प्रॉम्प्टमध्ये ‘हिरवा’च्या जागी ‘मरून’ लिहिलं, तर तोच सीड असतानाही मांडणी साधारण राहील, पण मान वळेल, कमळाची पाकळी कमी-जास्त होईल. व्यापाऱ्यांनी पसंत केलाय तो मोर, त्याचा भाऊ नव्हे. टॉवेलवर जमिनीचा जो रंग दिसतो तो पाइलच्या ताण्याचा, म्हणजे वर लूप काढणाऱ्या उभ्या धाग्यांचा. मूळ पीएनजीवरून एकदा ग्राफ (विणकामाचा चौकटींचा नकाशा) करा आणि हिरव्या ताण्याच्या जागी मरून ताणा लावा. उद्या त्यांनी निळा मागितला तरी ग्राफ तोच चालेल. दाखवायला रंगीत चित्र हवं असेल, तर मूळ फाइलमध्ये फक्त जमीन निवडून रंग बदला. त्याला एआयची गरज नाही.

प्रश्न : शाळेच्या वार्षिक अंकातल्या गोष्टीसाठी एकच मुलगी सगळ्या चित्रांत दाखवायची आहे. एकच सीड ठेवला तर चेहरा तोच राहील का?
– एक शिक्षिका, होटगी रोड

उत्तर : नाही, बाई. मुलगी विहिरीवर आणि मुलगी वर्गात असे प्रॉम्प्ट बदलले, की त्याच गोंधळातून वेगळा चेहरा निघतो. एक चांगलं चित्र पक्कं करा आणि ‘आयपी-अडॅप्टर’सारख्या सोयीनं ते संदर्भ म्हणून प्रत्येक वेळी द्या. वेणी, फ्रॉकचा रंग, कपाळावरची टिकली यांचं वर्णन दर वेळी शब्दाला शब्द तेच ठेवा. आणि तुमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतील, तर ही मुलगी काढून द्याल का, असं आधी त्यांना विचारा.