सैतानाने करायला लावलं म्हटलं की माणसाची जबाबदारी संपते का?

नाही. आणि हे त्या-त्या धर्माचे ग्रंथच सांगतात. कर्नाटकातल्या निपाणी-खानापूरकडे एकाच गल्लीत ख्रिस्ती, इस्लामी आणि आपली गावाकडची अशा तीन समजुती भेटतात, म्हणून हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

ख्रिस्ती परंपरेत सैतान म्हणजे पतन पावलेला देवदूत. इस्लाममध्ये फरिश्ते अल्लाहची अवज्ञा करत नाहीत. इब्लिस, म्हणजे इस्लाममधला सैतान, जिन्नांपैकी (स्वतःची इच्छा असलेले अदृश्य जीव), म्हणून त्याला अल्लाहच्या आज्ञेला नकार देता आला. पण माणसाच्या जबाबदारीवर दोन्ही धर्म जवळ येतात. कुराणातल्या सूरह इब्राहीमच्या २२व्या आयतीत सैतान स्वतःच म्हणतो, की माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी फक्त बोलावलं, तुम्ही आलात. दोष मला नको, स्वतःला द्या. (सैतानाने हात झटकावेत, हे मला भारीच वाटतं!) बायबलमधलं याकोबाचं पत्रही मोहाचं मूळ माणसाच्या स्वतःच्या वासनेत शोधतं.

आपल्याकडची ‘लागीर’, ‘करणी’ ही गोष्ट वेगळी. तिथे माणूस मोहात पडलेला नसतो, झपाटलेला मानला जातो, म्हणून घरचे त्याला दोष देत नाहीत, देवऋष्याकडे नेतात. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली, तर कर्नाटकाच्या २०१७च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा होतो, आणि तो मारणाऱ्याच्या नावावर लागतो.